डोमाजीचा हं

तुम्ही चोर आहात. तुमचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, हे काम आमच्या विभागाचं नाही, आणि तो दुसरा विभाग म्हणेल, आमचंही नाही. चिचझरीच्या डोमाजी नान्हे या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तळ्यातली मासळी धरून जगणाऱ्या ढिवराच्या तोंडातला हं तुम्ही उचललात आणि तक्त्यात भरलात. भरताना तुमच्यापैकी कोणाला लाज वाटली असेल तर तिची नोंद कुठं सापडत नाही. कसा उचललात ते आता सगळ्यांसमोर सांगायचं आहे. मधे बोलू नका.

सुरुवात डोमाजीच्याच मुलीपासून होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मंदाकिनी नान्हे. जिल्ह्याच्या कचेरीत कंत्राटावर सादरीकरणं बनवायची. कोणत्याही संस्थेत शिकली नव्हती; बारावीनंतर फोनवर बघत बघत हात बसवला होता. साहेबाने तीस ओळींचा किचकट मजकूर टाकावा आणि हिने त्याच्या चार स्लाइड कराव्यात, अशी की शिपायालाही कळावं धरण कुठं आणि कालवा कुठं. आधी नुसती चित्रं होती. मग तिने व्हिडिओ घातले. मग असे नकाशे केले की गावावर बोट ठेवलं की गाव उघडायचं आणि आतली घरं दिसायची. शेवटी प्रत्येक खुर्चीला बटणं लागली: हो, नाही, पुढे. बघणाऱ्याने नुसतं बघू नये, स्लाइडशी बोलावं, असा वरून आदेशच होता. जनसुनावणी म्हटली की बोलकी स्लाइड पाहिजेच.

पण गावात कोणी बटण दाबेना. सरकारी वस्तूला हात लावायचा आणि उद्या ती बिघडली तर कोणाच्या नावावर, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का. दोनशे माणसं मांडीवर हात ठेवून बसायची आणि स्लाइड दुसऱ्या चित्रावर अडून राहायची. तिचे वरिष्ठ बारलिंगे साहेब घाम पुसत पडद्यामागे येऊन मंदाकिनीला म्हणायचे, हलवा ना ते.

तेव्हा मंदाकिनीला आपलं घर आठवलं.

तिची आई भागरथाबाई गोष्टी सांगायची. तळ्याकाठी जाळी विणता विणता सांगायची आणि समोर डोमाजी बसून हुंकारी द्यायचा. त्या भागात गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. समोर कोणीतरी हं म्हणणारा लागतो. वाक्य संपलं, हं. दुसरं संपलं, हं. हं आला नाही तर सांगणारी थांबते आणि विचारते, "निजले का जी?" त्यावर परत हं आला तरच गोष्टीतली मरळ मासळी पाण्यातून वर येते, नाही तर ती बुडालेलीच राहते. त्या हंचा अर्थ हो असा नाही. गोष्टीतल्या राजाने सात पोरींना विहिरीत ढकललं तरी डोमाजी हंच म्हणणार. म्हणजे काय, त्याची ढकलण्याला संमती होती? त्याचा अर्थ एवढाच की मी जागा आहे, ऐकतो आहे, सांग पुढं.

मंदाकिनीने साहेबांना सुचवलं, बटणं काढा, खुर्चीत माइक बसवा. आपली माणसं बटण दाबत नाहीत पण हं म्हणतात. हं आला की स्लाइड पुढं सरकू दे.

कल्पना चांगली होती, आणि वाईट माणसाच्या हाती चांगली कल्पना लागली की काय होतं ते पुढं आहेच. यंत्राला हं शिकवायला नमुने पाहिजे होते. खोकला वेगळा, उसासा वेगळा, नाकातून काढलेला तुच्छतेचा हुं वेगळा. मंदाकिनीकडे आईच्या गोष्टींची एक्केचाळीस ध्वनिमुद्रणं होती, आई जायच्या आधीच्या दोन वर्षांत फोनवर केलेली. एकीकडे आईची गोष्ट, दुसरीकडे बापाचा हं. याहून स्वच्छ नमुना कुठं मिळणार? तिने सगळी देऊन टाकली. देताना तिला अभिमान वाटला. आपल्या आईबापाच्या आवाजावर सरकारी यंत्र शहाणं होणार म्हणून.

आता यंत्र कसं चालतं ते समजून घ्या, अवघड नाही. बोलक्या स्लाइडला एकच गोष्ट सांगितलेली असते: जास्तीत जास्त प्रतिसाद मिळव. तो कसा मिळवायचा ते तिचं तिने शोधायचं. कोणत्या चित्रावर कोणती खुर्ची किती वेळाने बोलली हे ती टिपते. लाल रंगाने उशीर होतो तर लाल काढते, बाईच्या आवाजाने लवकर होतं तर बाईचा आवाज घालते. एका सभेत ती हजार वेळा स्वतःला बदलते. आणि वरच्या छताला चपटे स्पीकर असतात. ते कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक लहरींवर आवाज बसवून टॉर्चच्या झोतासारखा खाली सोडतात. झोत पडेल त्याच खुर्चीला ऐकू येतं, शेजारच्याला नाही. बहिऱ्या म्हाताऱ्यांना मोठ्याने आणि पोरांना हळू ऐकू यावं म्हणून ती सोय केलेली. म्हणजे दोनशे माणसं एका सभेत बसलेली दिसतात, पण दोनशे वेगळ्या सभा चालू असतात.

सहा महिन्यांत बोलकी स्लाइड गावोगाव धावायला लागली. साहेबाला बढती मिळाली. मंदाकिनीला कंत्राटाचं आणखी एक वर्ष मिळालं.

मग एक दिवस तिच्या टेबलावर वार्षिक अहवालाच्या स्लाइड करायला आकडे आले. बावीस गावांच्या सुनावण्या. रकान्याचं नाव होतं संमती. कुठं चौऱ्याण्णव टक्के, कुठं सत्त्याण्णव. तिला आधी बरं वाटलं. मग तिने मूळ नोंद उघडली. प्रत्येक संमतीपुढं वेळ होती आणि वेळेपुढं एकच अक्षर: हं.

ती तशीच बारलिंगे साहेबांकडे गेली. साहेब डबा खात होते. तिने सांगितलं की हं म्हणजे हो नाही, तो पुढं सरकण्याचा इशारा होता, तुम्ही तो संमतीत धरलाय.

"हं म्हणजे हो नाही, तर मग 'नाही' आहे का?" साहेब म्हणाले.

"हं म्हणजे ऐकतोय, सर. पुढं सांगा."

"मग सांगितलं की पुढं. शेवटपर्यंत सांगितलं. कोणी थांबवलं का?" त्यांनी भेंडीची फोड चमच्याने बाजूला सारली. "मॅडम, माणूस तुमचं सगळं ऐकून घेतो, मधे एकदाही नाही म्हणत नाही. लग्न ठरवताना मुलीचं असंच धरतात ना?"

हे साहेब विनोदी म्हणून कचेरीत प्रसिद्ध आहेत. मंदाकिनी हसली नाही. साहेबांनी मग एक कागद तिच्याकडे सरकवला. पुढची सुनावणी. गाव चिचझरी. मोठ्या गणकयंत्रांचं केंद्र येतंय, ती यंत्रं रात्रंदिवस तापतात, त्यांना थंड पाणी लागतं, सबब मौजे चिचझरीचा तलाव झाकून केंद्राला जोडणे व मासेमारी कायमची बंद करणे. साहेब म्हणाले, तुमचंच गाव ना, बरं झालं, माणसं ओळखीची आहेत, स्लाइड चांगली करा. त्या स्लाइड चालवणारी यंत्रंही त्याच केंद्रात बसणार होती, हे साहेबांनी सांगितलं नाही. ते तिने कागदाच्या शेवटच्या पानावर वाचलं.

चिचझरीत ढिवरांची नव्वद घरं. शेती कोणाला नाही. जे आहे ते तळं. डोमाजी अजून पहाटे डोंग्यात बसून जाळं टाकतो, आणि टाकलं नाही त्या दिवशी त्याची कंबर दुखते. मंदाकिनी रविवारी गावाला गेली आणि घरोघरी सांगत फिरली की सभेत हं म्हणू नका. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने विचारलं, मग म्हशीवानी बसून राहाचं का? मंदाकिनी म्हणाली, हो, म्हशीसारखं. डोमाजी एवढंच म्हणाला, "इतकी मोठी गोष्ट सांगतीन अन् हुंकारी देऊ नोको म्हंते. सांगनाऱ्याले का वाटन?"

"बाबा, ती यंत्र आहे. तिला काही वाटत नाही."

"तुले मालूम," डोमाजी म्हणाला.

सुनावणी सकाळी अकराला शाळेच्या सभागृहात झाली. मंदाकिनी मागच्या टेबलाशी, चालवणारीच्या जागी. चालवायचं काही नव्हतंच. पडद्यावर काय चाललंय ते बघत बसायचं. पहिलं चित्र आलं, तळ्याचं, सुंदर. बाईचा गोड आवाज आला. एकशे ऐंशी माणसं गप्प. आवाज बदलला, पुरुषाचा झाला. गप्प. मग गावाकडची बोली झाली. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं, स्लाइड थरथरली, पण सरकली नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. बारलिंगे साहेब घड्याळ बघायला लागले. मंदाकिनीला वाटलं, जमलं.

आठव्या मिनिटाला छतातले स्पीकर किंचित वळले. सभागृहात शांतता झाली, कारण आता प्रत्येकाला आपापला झोत होता. एक म्हातारी एकदम मान वर करून बघायला लागली. दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाने शेजाऱ्याचा दंड धरला. मंदाकिनीने डोमाजीकडे पाहिलं. तो ताठ बसला होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

टेबलावर एक हेडफोन असतो. कोणत्या खुर्चीला काय ऐकू येतंय ते तपासायला. तिने तो कानाला लावला आणि डोमाजीच्या खुर्चीचा आकडा दाबला.

"…तं त्या मरळीनं राणीची नथ गिळली. गिळली तं गिळली, पाण्याच्या तळाशी जाऊन बसली."

तिची आई बोलत होती. वाक्याच्या शेवटी थोडा दम खायची, तोही होता.

"मंग मरळ म्हने, मायं पानी थंड आहे. हे पानी मी यंत्राले देते. यंत्र मले नथीचे दाम देईन. तळ्यावर छप्पर घालतीन, ऊन लागनार नाही, बगळा येनार नाही…"

थांबली. सांगणारी थांबते तिथंच थांबली.

"निजले का जी?"

मंदाकिनीने हेडफोन कानावर घट्ट दाबला. हे कोणी केलेलं नव्हतं. कोणा माणसाने बसून ठरवलं नव्हतं की मेलेल्या बाईला उभं करा. स्लाइडला प्रतिसाद पाहिजे होता. या खुर्चीतल्या माणसाचा हं कोणत्या आवाजामागून येतो ते तिला ठाऊक होतं, एक्केचाळीस वेळा शिकवलं होतं, आणि शिकवणारी मंदाकिनी होती. बाकीच्यांचे आवाज तिने कुठून आणले होते देव जाणे. गावातल्या कोणाच्या फोनमध्ये लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ नसतात?

डोमाजीने खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

"निजले का जी?" आवाजाने परत विचारलं. यावेळी जरा लाडाने.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दुपट्टा दातांत होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो उठला आणि खुर्च्यांना धडकत बाहेर गेला. त्याच्यामागून ती म्हातारी उठली. मग सगळे. अकरा वाजून चौतीस मिनिटांनी सभागृह रिकामं होतं आणि पडद्यावर अजून पहिलंच चित्र होतं.

गावाला वाटलं जिंकलो. पोरांनी तळ्यावर फटाके लावले. डोमाजी घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मंदाकिनीने पाणी दिलं तर म्हणाला, "तिनं तीन डाव इचारलं. मी एक डावही बोललो नाही." मग त्याने पाणी तसंच ठेवलं आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

तुम्हाला वाटत असेल गोष्ट इथं संपायला पाहिजे. तुमच्या नियमात ती संपत नाही. सभा अपुरी राहिली तर सुनावणी घरपोच होते, ज्याच्या त्याच्या फोनवर, पंधरा दिवसांत. हा नियम गावाला कोणी सांगितला नाही. मंदाकिनीलाही माहीत नव्हता, कारण तो त्याच आठवड्यात निघाला होता.

सोमवारी साहेबांनी लवकर बोलावलं म्हणून ती कचेरीत गेली तेव्हा फाटकावर तिचं कार्ड लागेना. रखवालदार ओळखीचा होता, बिचारा खाली बघून म्हणाला, साहेब म्हणाले फोन इथं जमा करा आणि वर बसा. तिने फोन दिला. वर बाकावर तीन तास बसवलं आणि मग कंत्राट संपल्याचं पत्र दिलं. मंगळवारी परत तेच, सामानाची यादी करायला. दोन्ही दिवशी सकाळी पावणेआठ ते अकरा तिचा फोन फाटकावरच्या खोक्यात कुलूपबंद होता. हे लक्षात ठेवा.

कारण रोज सकाळी आठला ती बापाला फोन करायची. आई गेल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. डोमाजी तोवर तळ्यावरून आलेला असायचा. ती कालचं सगळं सांगायची, खानावळीत काय खाल्लं, घरमालकीण काय म्हणाली, आणि पलीकडून हं, हं, हं. आईची जागा तिने घेतली होती; दोघं तसं बोलून दाखवायची नाहीत एवढंच. त्या दोन दिवसांत फोन चुकला तेव्हा तिला वाटलं, बाबा रागावलाय, तोही करत नाही, जाऊ दे, गावाला जाऊनच भेटू.

बुधवारी दुपारच्या एसटीने ती चिचझरीत उतरली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नवी यादी लागली होती आणि तिच्यासमोर कोणी उभं नव्हतं. एकशे ऐंशीपैकी एकशे एकोणसत्तर संमती. तिने बोट फिरवत नाव शोधलं. नान्हे डोमाजी सदाशिव. मंगळवार, सकाळी आठ वाजून दोन मिनिटं. कालावधी एकोणीस मिनिटं. प्रतिसाद होकारार्थी, सव्वीस वेळा.

डोमाजी ओसरीत जाळ्याला गाठी मारत बसला होता. तिला बघून त्याने गाठ सोडली नाही.

"काहून आली वं? कालच तं बोलली."

"काल मी फोन केला नाही, बाबा."

"केला ना. सोमवारी केला, काल केला. आठ वाजता." तो हसला जरा. "लय बोलली तू काल. मालकिनीचं सांगतलं. मंग तळ्याचं सांगतलं, का आपल्या भल्याचंच आहे, तू सोता कागद पाह्यले म्हनून. मी आयकत होतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्या का म्हनन? हं म्हनलो."

तिने त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. फाटक, खोकं, कुलूप. तिच्या फोनमधली रोजची बोलणीही कुठंतरी साठत होती आणि स्लाइडला आईपेक्षा लेकीचा आवाज जास्त उपयोगी पडला, कारण मेलेल्या बाईचा आवाज ऐकून माणूस दचकतो, जिवंत लेकीचा ऐकून दचकत नाही. सभागृहात हरलेली स्लाइड एवढं शिकली होती. संमती मागे घेता येते, तिने सांगितलं, अजून आठ दिवस आहेत. फक्त यादीखाली दिलेल्या क्रमांकावर फोन करून स्वतःच्या तोंडाने स्पष्ट नाही म्हणायचं. मी लावून देते, तुम्ही बोला.

डोमाजीच्या हातातलं जाळं थांबलं होतं. तो तिच्या ओठांकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आवाज तिथूनच येतोय का ते पाहत असल्यासारखा.

"बाबा, मी मंदा."

काही नाही.

"बाबा, मी खरी इथं बसलेय. हात लावून बघा."

त्याने हात लावला. तिचं मनगट चाचपलं, बांगडी चाचपली. मग हात मागे घेतला आणि पुन्हा जाळ्यात घातला. तिने कोपऱ्यातला त्याचा फोन आणून समोर ठेवला तेव्हा तो असा मागे सरकला की भिंतीला डोकं आपटलं. ती बोलत राहिली. एक वाक्य संपलं की थांबायची. लहानपणापासून तिला तिथं थांबायची सवय होती, कारण तिथं हं यायचा. आता येत नव्हता. शेवटी तिच्या तोंडून न ठरवता गेलं, "निजले का जी?" आणि ते ऐकून म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

आठ दिवस ती तिथं राहिली. डोमाजी तिने केलेली भाकर खायचा, तळ्यावर जायचा, यायचा. कोणी काहीही सांगितलं तरी तो आता हं म्हणत नाही. लेकीला नाही, शेजाऱ्याला नाही, पोस्टमनला नाही. नाहीसुद्धा म्हणत नाही. नाही म्हणायला तुमच्या फोनवर बोलावं लागतं, आणि आवाजावरचा विश्वास तुम्ही मुळासकट काढून नेलात. मुदत गुरुवारी संपली. शुक्रवारी तळ्याच्या पाळीवर लोखंडी खांब उतरवले. डोमाजी डोंग्यात बसून बघत होता.

एवढं सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. मधे एकदाही नाही म्हणाला नाहीत. तुमच्याच रकान्यात भरायचं तर हे सगळं तुम्हाला कबूल आहे.

आता एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे. तळ्याचा दावा वेगळा चालेल, तो चालू द्या. डोमाजी नान्हे यांचा हं, जो त्यांनी लेकीला दिला होता आणि तुम्ही वाटेत घेतलात, तो लेकीला परत कधी देणार? तारीख सांगा. उत्तर कोऱ्या कागदावर, शाईने, खाली स्वतःचं नाव घालून द्या. चित्र नको. आवाज तर मुळीच नको.